माउथफील म्हणजे काय ओ?

सीमाभागात थंडी पडली की दोन गोष्टींचा हंगाम सुरू होतो: गुऱ्हाळं आणि साहित्य संमेलनं. दोन्हीकडे रस काढतात. पहिल्या ठिकाणी उसाचा, दुसऱ्या ठिकाणी श्रोत्यांचा. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, गावागावांत मांडव पडतो. सकाळी ग्रंथदिंडी, पोरांचं लेझीम, मग उद्घाटन, मग अध्यक्षांचं भाषण, मग जेवण आणि जेवून माणसं पेंगायला लागली की कविसंमेलन. मी गेली एकतीस वर्षं बेळगावातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. त्यामुळे थंडीतले रविवार माझे नसतातच. झब्बा घालून, खिशाला पेन लावून बाहेर पडलो की बायको कुठे निघालात म्हणून विचारत नाही. ‘जेवायला नाही ना?’ एवढंच विचारते.

एकतीस वर्षांत कमावलेल्या ह्या विश्वासाचा मी एकदाच गैरफायदा घेतला. तोही मराठी भाषेसाठी. हे मी तिला अजून पटवून देतो आहे.

झालं असं की माझा भाचा बेंगळुरात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही. तो सुट्टीला आला आणि म्हणाला, "मामा, एक काम होतं. तुझ्याच लायनीतलं."

‘तुझ्या लायनीतलं’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. लग्नपत्रिका, मानपत्रं, बाराव्याची निवेदनं, गणपती मंडळाच्या अहवालातलं प्रास्ताविक, सगळं माझ्याच लायनीत येतं. मागे एकानं म्हैस विकायची जाहिरात आणली होती. मजकूर तयार होता, फक्त ‘जरा साहित्यिक’ करून हवा होता.

ह्या वेळी काम होतं बिअरचं. भाच्याच्या मित्रानं गावाबाहेर, हायवेच्या अंगाला एक मायक्रोब्रूअरी काढली होती. नाव सांगत नाही, कारण मालकाचे काका आमच्याच गल्लीत राहतात आणि गणपतीची मोठी वर्गणी त्यांचीच असते. मायक्रोब्रूअरी म्हणजे बिअर तिथंच करायची, तिथंच प्यायची. पुण्यात 2009 साली हे खूळ सुरू झालं, मग बेंगळुरानं उचललं आणि गल्लोगल्ली नेलं. पुण्याहून बेंगळूरला जाणारी प्रत्येक गोष्ट आमच्या बेळगाववरूनच जाते, थांबत मात्र नाही. ही थांबली. मालकाला मेनूकार्ड तीन भाषांत छापायचं होतं. कन्नडचं काम धारवाडच्या कुणा प्राध्यापकांनी करून दिलं होतं, इंग्रजीचं इंटरनेटनं. मराठी तेवढं राहिलं होतं. राहिलेलं मराठी माझ्याकडे येतं.

"नुसती नावं लिहायची नाहीत," भाचा म्हणाला. "प्रत्येक बिअरचं वर्णन पाहिजे. चव कशी, वास कसा, माउथफील कसा."

"माउथफील म्हणजे काय ओ?" हे मी विचारलं नाही. कट्ट्यावर पेपर वाचत बसलेल्या सुभेदारांनी विचारलं. सुभेदार आमचे शेजारी. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले आणि सेंटर ह्याच गावात असल्यामुळे कॅन्टीनपासून लांब जायचं नाही म्हणून इथंच राहिले. त्यांचा पिण्याचा अनुभव मोठा, पण एकाच विषयातला. रम. त्यात पाणी किती, एवढाच त्यांना मतभेद माहीत. "मी येतो," ते म्हणाले. "मास्तर एकटे पडतील."

आता माझी पात्रता सांगतो. बिअरला माझ्याकडे आयुष्यभर दोनच विशेषणं होती. एक ‘थंड’ आणि दुसरं ‘गरम आहे रे ही’. कॉलेजात असताना चोर्ला घाटातून गोव्याला जायचो, तेव्हा बाटलीवर दव धरलंय का बघायचं आणि धरलं असेल तर बिअर चांगली. चव विचारणारा माणूस आम्हाला भेटला नव्हता. भेटला असता तर त्याला पैसे द्यायला लावले असते.

घराण्याचं म्हणाल तर आजोबांना प्यायची हौस होती, पण काळ प्रतिकूल. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात आणि मुंबई राज्यानं 1949 साली दारूबंदीचा कायदा केलेला. प्यायचीच असेल तर प्रकृतीसाठी लागते म्हणून परमिट काढायचं. तो ‘परमिट’ शब्द महाराष्ट्रात अजून भिंतींवर टिकून आहे. इथून पंधरा-वीस किलोमीटरवर शिनोळीला हद्द ओलांडली की पाटी बदलते. आमच्याकडे ‘बार अँड रेस्टॉरंट’, तिकडे ‘परमिट रूम’. सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात चालू आहे, पण रात्री त्या रस्त्यानं येणाऱ्या माणसाला आपण कुठल्या राज्यात आहोत हे विचारावं लागत नाही.

तर रविवारी सकाळी झब्बा घातला, पेन लावलं. बायकोनं विचारलं, "जेवायला नाही ना?" मी नाही म्हणालो. हे खरं होतं.

गाडी भाच्याकडे. गाडी चालवायची म्हणून त्याला एक थेंबही नाही, हे मी निघतानाच सांगून टाकलं. मामा म्हणून काहीतरी शिस्तीचं बोलल्यावर मला बरं वाटतं.

मागच्या अंगणात गाडी लावली आणि दार उघडल्याबरोबर वास आला. मी थांबलोच. तो दारूचा वास नव्हता. ओला, उबदार, गोडसर, पेज उकळत असल्यासारखा. लहानपणी आजारी पडलो की आई नाचणीचं सत्त्व करायची, तो वास. नाचणी भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. त्यात पाणी घालून चुलीवर ठेवलं की घरभर हाच वास. इथं काचेपलीकडे माणसाच्या दीडपट उंचीची स्टीलची भांडी उभी होती, त्यांना घड्याळं, नळ्या, चाव्या, आणि वास मात्र आमच्या माजघरातला.

तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली. "काय ओ सर, तुम्ही हितं कसं काय?"

आमचा गवळी. छोटा टेम्पो उभा, त्यात निळी पिंपं आणि हातात अर्धवट उचललेलं पोतं. बिअर काढून झाली की उरलेला जवाचा चोथा तो रोज म्हशींसाठी नेत होता. म्हशी आवडीनं खातात म्हणाला, दूध पण बरं देतात. मला काय बोलावं सुचेना. माणसाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो मदतीला धावतो. मी पोत्याचं दुसरं टोक धरलं. पोतं ओलं आणि गरम होतं, झब्ब्याला लागलं. "उपकार झाले बघा," गवळी म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला. हा माणूस रोज संध्याकाळी साडेपाचला आमच्या दारात येतो, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं.

आत जाऊन बसलो. मालक गडबडीत होता, ‘सर, फ्रीली लिहा’ म्हणून गेला. मग एक तरुण पोरगा लाकडी फळी घेऊन आला. फळीला सहा खोबणी, प्रत्येक खोबणीत एक छोटा पेला, प्रत्येकात वेगळा रंग. भिंतीवर लावायच्या रंगांचं कार्ड असतं तसं वाटलं; पहिल्या पेल्यातलं फिकट पिवळं आमच्या पुढच्या खोलीला चाललं असतं. पोरगा इंग्रजीत सुरू झाला. नोट्स, बॉडी, फिनिश. सुभेदार मान डोलवत होते. मिलिटरीत न कळणारं भाषण उभ्यानं ऐकायची सवय असते, इथं तर खुर्ची होती.

बेळगावात असा इंग्रजीचा लोंढा थांबवायला एकच प्रश्न लागतो. मी विचारला. "कुठला रे तू?"

पोरगा थबकला. फळी टेबलावर ठेवली. "खानापूरबाजूचा ओ सर. मी पहिलंच वळखलं तुम्हाला. नववी ब. रसग्रहणाला तुम्ही मला दहापैकी तीन दिलेले."

एकतीस वर्षांत किती पोरांना किती मार्क दिले ह्याचा हिशेब माझ्याकडे नसतो. तो पोरांकडे असतो. मी काहीतरी पुटपुटलो. तो हसला आणि पहिला पेला पुढे सरकवला. "घ्या की ओ सर. रसग्रहण करा."

पहिली लागर. ह्यात जवाबरोबर बेळगाव बासमतीच्या कण्या घातल्यात म्हणाला. आमच्या भागातला हा बासमती बुटका, पण शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं. बिअरमध्ये मात्र त्यानं तोंड उघडलं नव्हतं. चव स्वच्छ, हलकी, आली तशी गेली. पोरगा सांगत होता, असली सोनेरी पारदर्शक बिअर आधी जगात नव्हतीच, 1842 साली पिल्सेन नावाच्या गावात पहिल्यांदा निघाली, आज जगभर पितात ती बहुतेक तिचीच पिलावळ. थंड जागी सावकाश आंबवतात, आठ-दहा अंशांवर, आठवडेच्या आठवडे. मी वहीत लिहिलं, ‘थंड.’ मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं, कारण दुसरं काही नव्हतंच.

"आधी वास घ्यायचा असतो सर."

"वास," सुभेदार म्हणाले, "दूध नासलंय काय बघायला घेतात."

दुसरा पेला गढूळ, पिवळसर, वर फेसाचा गोंडा. जर्मन गव्हाची बिअर, हेफेवायझेन. नाव तीनदा विचारून लिहून घेतलं. नाकाशी नेला आणि मी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडे. "केळं," दोघंही एकदम म्हणालो. पक्कं पिकलेलं, साल काळी पडलेलं केळं आणि मागून लवंगेचा झटका. "किती केळी घालता?" सुभेदारांनी चौकशी केली.

"एक पण नाही ओ. यीस्ट करतंय ते." पोराला आता रंग चढला. यीस्ट साखर खातं, दारू करतं, गॅस सोडतं, आणि हे ठरावीक जातीचं यीस्ट खाता खाता आयसोअमाईल अ‍ॅसिटेट सोडतं. पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. लवंगेचा वास पण त्याचाच उद्योग. हे नाव त्यानं एका दमात, न अडखळता म्हटलं. हाच पोरगा माझ्या वर्गात ‘उत्प्रेक्षा’ म्हणताना तीन ठिकाणी ठेचकाळला असणार.

"केळं न घालता केळ्याचा वास," सुभेदार विचारात पडले. "मग केळं घालायला काय झालं होतं? आमच्याकडं स्वस्त आहे की." आणि हातवारे करताना त्यांचा पेला कलंडला तो माझ्या बाहीवर. मी रुमालानं पुसलं. रुमालालाही केळं लागलं.

तिसरी बेल्जियमची. हीसुद्धा गव्हाचीच, पण हिच्यात धने आणि संत्र्याची साल घालायची रीत आहे. सुभेदारांनी एक घोट घेतला आणि ‘मटण कुठाय?’ एवढंच विचारलं. मी तिच्यावर वेळ घालवला नाही, तुमचाही घालवत नाही.

चौथ्या पेल्याशी मात्र गाठ पडली. रंग तांब्यासारखा, वास तर फारच सुंदर: लिंबाची साल, आंबा, कापलेलं गवत. मी खूश होऊन मोठा घोट घेतला. पुढचं थोडं अस्पष्ट आठवतं. आधी जिभेच्या शेंड्याला काही कळलं नाही. मग मागे, पडजिभेजवळ, कुणीतरी कारल्याची चकती ठेवून दिल्यासारखं झालं. आणि ती तिथंच राहिली. पाणी प्यालो, राहिली. शेंगदाणे खाल्ले, शेंगदाणे कडू लागले. लहानपणी पाडव्याला कडुनिंबाचा पाला खाताना आई आधीच गूळ हातात द्यायची, तेवढी माणुसकी ह्या बिअरला नव्हती.

"आयपीए," पोरगा म्हणाला. "इंडिया पेल एल."

"इंडिया कशाला मधे?"

त्यावर जे ऐकलं त्यानं माझा राग थोडा निवळला. इंग्रजांच्या काळात बिअर विलायतेहून इथं जहाजानं यायची, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून. सुएझचा कालवा 1869 ला खुला झाला, त्याआधी चार-पाच महिने प्रवास. उष्ण पट्टा दोनदा ओलांडायचा. बिअर नासू नये म्हणून हॉप्स जास्त घालत. हॉप्स ही वेलीची फुलं. ती कडू असतात आणि बिअर टिकवतात. हिंदुस्थानात पाठवायची म्हणून नावात इंडिया. बेळगावचा किल्ला इंग्रजांनी 1818 साली घेतला, मग पलटणी आल्या, कॅम्प वसला. म्हणजे आमच्या कॅम्पातल्या बंगल्यांतून, त्या उतरत्या कौलांखाली, संध्याकाळी कुणी गोरा साहेब ही असली कारल्याची बिअर पीत बसला असणार. आपल्याला राज्य करायला एवढ्या लांब का पाठवलं ह्याचा राग त्याच्या तोंडावर का असायचा, ते मला त्या दिवशी समजलं.

"कडू मोजायचं माप असतंय सर. आयबीयू. साधी लागर पंधरा-वीस. ही साठ."

हे माप मला फार आवडलं. आमच्या स्टाफरूममध्ये लावायला पाहिजे. मी मनातल्या मनात चारपाच सहकाऱ्यांना आकडे देऊनही टाकले. एक बाई लागरच्याही खाली होत्या. मुख्याध्यापकांचा आकडा इथं लिहिण्यासारखा नाही, मला अजून पेन्शन घ्यायची आहे.

पाचवा पेला काळा. स्टाउट. बाहेरून डांबर, वर मात्र दुधावरच्या सायीसारखा तपकिरी फेस. घोट घेतला आणि मी पेला खाली ठेवला नाही. कॉफी होती, करपलेल्या भाकरीची कड होती, आणि सगळ्याच्या तळाशी काहीतरी अगदी ओळखीचं, नाव जिभेवर येऊन अडकलेलं. सुभेदारांनी ते सोडवलं. "कुंदा," ते म्हणाले. "कढईच्या बुडाला लागलेला."

तोच. बेळगावात वाढलेल्या माणसाला कढईच्या बुडाचा कुंदा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दूध आटवत आटवत, ढवळत ढवळत, साखर आणि दूध एकमेकांत भाजून तपकिरी होतात, आणि ढवळणाऱ्याचं लक्ष जरा चुकलं की बूड धरतं. ती खरवड घरातल्या धाकट्याची. मी धाकटा होतो. पोरानं लगेच शास्त्र काढलं: 1912 साली मायार नावाच्या फ्रेंच माणसानं ह्या भाजून तपकिरी होण्याचा शोध लावला. भट्टीत वाळणाऱ्या जवात तेच होतं, कुंद्यात तेच, भाकरीच्या पापुद्र्यावरही तेच. मोड आणून वाळवलेला जव हलका भाजला तर लागर, काळा होईपर्यंत भाजला तर ही. आणि ते जवाला मोड आणणं म्हणजे आईच्या नाचणीसत्त्वाचीच पहिली निम्मी कृती. मोड आले की धान्यात पिठाची साखर करणारं द्रव्य तयार होतं. तो भरडा पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पाणी गोड. आई तिथं गूळ घालून आम्हाला पाजायची. जर्मन माणूस तिथं यीस्ट घालून थांबायचा. तेवढाच फरक, पण त्या एका फरकावर दोन देशांच्या संध्याकाळी वेगळ्या गेल्या.

"आणि यीस्ट कुठनं आणता?" मी विचारलं.

"मागच्या घाण्यातनं काढून ठेवायचं थोडं. पुढच्यात घालायचं."

विरजण. मी वहीत ‘विरजण’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ड्यूकनं म्हणे 1516 साली कायदा केला, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी ह्याशिवाय काही घालायचं नाही. त्यात यीस्टचं नावच नाही, कारण ते असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं. तिनं कायदा केला नाही, पण डिसेंबरात आंबोळीच्या पिठाचं पातेलं ती माझ्या पांघरुणात गुंडाळून ठेवायची आणि मी कुडकुडत झोपायचो. पीठ फुगलं नाही तर घरात तोंड दाखवायला जागा नसते, मुलाला सर्दी झाली तर काढा असतो.

सहावा पेला गुलाबी. गोझे नावाची जुनी जर्मन बिअर. तीत मीठ घालतात, धने घालतात आणि जिवाणूंकडून आंबट करून घेतात. इथं मालकानं वर कोकम घातलं होतं. मीठ, धने, आमसूल. मी पोराकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली.

"सोलकढी आहे ही," मी म्हणालो.

"नारळाचं दूध विसरलेत," सुभेदार म्हणाले. त्यांनी पेला संपवला, मिशा पुसल्या आणि सहा पेल्यांवर एकत्रित निकाल दिला. "सगळं बरं आहे. रम कधी घालणार?"

आता लिहायचं होतं. मालकानं कार्ड दिलं होतं, त्यावर प्रत्येक बिअरपुढे चार ओळींची जागा. मी पेनाचं टोपण काढलं आणि अर्धा तास बसलो. इंग्रजी मजकूर शेजारी होता, त्यात ‘क्रिस्प’ होतं, ‘बिस्किटी’ होतं. क्रिस्पला काय म्हणायचं? कुरकुरीत? बिअर कुरकुरीत कशी असेल? ‘ड्राय’ला कोरडी? ओली वस्तू कोरडी आहे असं छापलं तर उद्या वर्गात विरोधाभास अलंकार शिकवताना पोरं माझंच उदाहरण देतील. ‘फुल बॉडीड’ला ‘भरल्या अंगाची’ लिहिलं आणि लाजून खोडलं. शेवटी भाषांतर बाजूला सारलं आणि जे वाटलं ते लिहिलं. हेफेवायझेन: ‘उपासाच्या आदल्या दिवशी पिकून गेलेल्या केळ्यांची शिकरण, त्यात चुकून पडलेली लवंग.’ आयपीए: ‘वासानं बोलावते, चवीनं परतवते. सोबत गूळ घ्यावा.’ स्टाउट: ‘कुंद्याच्या कढईचं बूड, धाकट्यांसाठी राखून ठेवलेलं.’ हे शेवटचं मोठ्या पाहुण्यांना चालेल का, अशी शंका भाच्यानं काढली. माउथफीलच्या जागी सगळीकडे ‘तोंडात घोळवल्यावर’ लिहिलं. सुभेदारांना ते पटलं. तोंडाला काय वाटतं ते तोंडाला विचारा, ते म्हणाले.

पोरानं कार्ड घेतलं. उभ्यानं वाचलं. सगळं, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मला घाम फुटला. एकतीस वर्षं मी टेबलाच्या ह्या बाजूला बसलो होतो आणि ती बाजू इतकी गरम असते हे मला माहीत नव्हतं.

"सर, चांगलं आहे," तो म्हणाला. "खरं सगळं खाण्याचंच लिहिलासा. आयपीएत लिंबाचा वास होता, तुम्हीच म्हणलासा, तो कुठं आला नाही. ‘निरीक्षण नोंदवा’ म्हणून तुम्हीच सांगत होता." मग जरा थांबून, "दहापैकी साडेचार देतो."

"मी तुला तीन दिले होते."

"म्हणून तर साडेचार."

परतताना सुभेदार मागच्या सीटवर झोपले. भाच्यानं मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. सहा वाजून गेले होते. मी वडीशेप चघळत, झब्बा झटकत घरात शिरलो. बायको तांदूळ निवडत बसली होती.

"झालं संमेलन?"

"झालं."

"काय बोलले अध्यक्ष?"

हा प्रश्न ती कधी विचारत नाही. मी चप्पल काढता काढता वेळ घेतला. डोक्यात सहा पेले होते, दुसरं काही नव्हतं.

"सुरुवात अगदी हलकी होती. स्वच्छ. मग थोडे गोडाकडे गेले. मधे एकदम कडवट झाले, ते बराच वेळ. शेवट मात्र गडद. रेंगाळला."

"विषय?"

"परंपरेचं विरजण."

"म्हणजे दरवर्षीचंच," ती म्हणाली आणि एक खडा काढून टाकला.

आतून आईचा आवाज आला. ऐंशी वर्षांची आहे, डोळे गेलेत, नाक शाबूत आहे. "केळी आणलीस काय रे? वास सुटलाय. काळी पडायच्या आत शिकरण करायला पाहिजे."

बायको उठली. माझ्याजवळ आली, झब्ब्याच्या पोटावरच्या घडीतून चिमटीत काहीतरी काढलं. ओलं, पिवळट, टरफलासारखं. ती शेतकऱ्याच्या घरातली. बोटांवर फिरवून बघितलं, नखानं सोललं, वास घेतला. काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि पेला घेऊन आली. दूध होतं, पेल्याच्या काठापर्यंत.

"गवळ्यानं आज अर्धा लिटर जास्त घातलं. पैसे नको म्हणाला. सरांनी पोतं उचलू लागलं म्हणून, नाहीतर कंबर गेली असती म्हणाला."

मी पेला घेतला. दिवसभराच्या सवयीनं आधी नाकाशी नेला.

"नासलेलं नाही," ती म्हणाली. "प्या."